चपट्या तोंडाचा ‘पग’ घेताय? खान्देशचा उन्हाळा त्याला सोसेल का, आधी हे वाचा

जळगाव : व्हॉट्सअॅपवर पिल्लाचा फोटो येतो. गोल डोळे, कपाळावर आठ्या, काळं चपटं तोंड. घरातली पोरं हट्ट धरतात, आणि दोन दिवसांत पिल्लू घरात येतं. दिवाळीला आलेलं हे पिल्लू हिवाळाभर अंगणात उड्या मारतं, सगळ्यांचं लाडकं होतं. खरी परीक्षा लागते ती मार्चनंतर. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ, रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा गावठी कुत्रं निंबाखाली किंवा ओल्या मातीत पोट टेकून दिवस काढतं. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला तेवढ्याने भागत नाही. लग्नाच्या मांडवात बांधलेलं, गाडीत ठेवलेलं किंवा भरदुपारी मुलांसोबत पळवलेलं असं कुत्रं तासाभरात जिवाला मुकू शकतं.

त्यामुळे असं कुत्रं घ्यायचं की नाही, घेतलं तर कोणतं पिल्लू निवडायचं आणि उन्हाळ्यात त्याला कसं जपायचं, याची ही सविस्तर माहिती.

कोणती कुत्री यात येतात?

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो पग. २००३ च्या सुमारास ‘हच’ मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग दिसला आणि देशभर त्याची मागणी वाढली. अजूनही खेड्यापाड्यात त्याला ‘हचवालं कुत्रं’ म्हणतात. ही जात मूळची चीनची. तिथल्या राजवाड्यात मांडीवर बसणारं कुत्रं म्हणून ती पाळली जायची. राखण करणं, शेतात फिरणं हे तिचं काम कधीच नव्हतं.

पगशिवाय फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, शित्झू आणि पेकिनीज या जातीही चपट्या तोंडाच्याच. बॉक्सरचं तोंड थोडं लांब असलं तरी तोही याच गटात मोडतो. शित्झू आणि पेकिनीज यांच्या अंगावर दाट केसही असतात, म्हणजे उन्हाळ्यात त्रास दुप्पट.

नाक आखूड असल्याने काय बिघडतं?

माणसाला गरम झालं की अंगभर घाम येतो आणि शरीर थंड होतं. कुत्र्याला असा घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा घाम येतो, पण त्याने शरीर थंड होत नाही. कुत्रं जीभ बाहेर काढून लहाकतं, तेव्हा जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होतं. लांब नाकाच्या कुत्र्याच्या नाकात ओलसर पडद्यांना भरपूर जागा असते. एक प्रकारे तो त्याचा नैसर्गिक कूलरच असतो.

माणसाने पिढ्यान् पिढ्या आखूड तोंडाची कुत्री निवडून वाढवली. त्यामुळे हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. परिणाम असा की नाकपुड्या चिरेसारख्या बारीक राहतात, टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन घशात लोंबतो आणि काहींची श्वासनलिकाही अरुंद असते. अशा कुत्र्याला थंडीतही श्वास घ्यायला जोर लावावा लागतो. उन्हाळ्यात ते जोरजोरात लहाकू लागतं, त्या जोराने घसा आतून सुजतो, हवेचा रस्ता आणखी बंद होतो, मग ते आणखी जोर लावतं. हे चक्र सुरू झालं की कुत्रं आपल्या हातात राहत नाही.

ब्रिटनसारख्या थंड देशात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उष्णतेचा आजार होण्याचा धोका मध्यम लांबीच्या तोंडाच्या कुत्र्यांपेक्षा साधारण दुप्पट आढळला. तिथे ही गत असेल तर आपल्याकडच्या मे महिन्याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हवा दमट असेल तर वाफ नीट होत नाही. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा ऑक्टोबर हीटमध्ये पारा ३४-३५ असला तरी हे कुत्रं लोळागोळा होऊ शकतं. “आता ऊन उतरलं” म्हणून निर्धास्त होऊ नका.

घ्यायचं की नाही? आधी आपलं घर बघा

पिल्लू बघायला जाण्याआधी घरात बसून या प्रश्नांची खरी उत्तरं द्या.

- दुपारी १२ ते ५ घर किती तापतं? पत्र्याचं घर असेल आणि खाली छत नसेल तर हे कुत्रं घेऊ नका. जुनं धाब्याचं घर किंवा जाड भिंतींची थंड खोली असेल तर विचार करता येईल.
- लाईट गेल्यावर काय? कूलर, पंखा सगळं विजेवर. भारनियमनाच्या दिवसांत दुपारी दोन-तीन तास वीज नसेल तर थंड राहील अशी दुसरी जागा हवी.
- दिवसा घरी कोण असतं? सगळे शेतात किंवा कामाला जात असतील तर त्रास सुरू झालेला कुणाला कळणारच नाही.
- कुत्रं कशासाठी हवं? मळ्याची राखण, गुरांमागे फिरणं यासाठी पग किंवा बुलडॉग अजिबात उपयोगाचा नाही.
- कुत्र्यांवर इलाज करणारे डॉक्टर किती लांब आहेत? रात्री-अपरात्री तिथपर्यंत जायला गाडी आहे का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे वाचवा आणि जीवही वाचवा.

पिल्लू निवडताना काय बघायचं?

फोटो बघून पिल्लू ठरवू नका. “आधी अॅडव्हान्स टाका, ट्रॅव्हल्सने पिल्लू पाठवतो” असं सांगून पैसे उकळणारे खूप आहेत. स्वतः जा, पिल्लाची आई बघा आणि निदान अर्धा तास तिथे थांबा.

आई : आई शांत बसलेली असताना तिच्या श्वासाचा आवाज दुसऱ्या टोकापर्यंत येत असेल, ती चार पावलं चालून धापा टाकत असेल तर पिल्लाचंही तेच होण्याची शक्यता जास्त. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.

नाकपुड्या : पिल्लाचं नाक समोरून बघा. नाकपुड्या उघड्या, गोलसर हव्यात. नुसती उभी चीर दिसत असेल किंवा श्वास घेताना नाकपुडी आत ओढली जात असेल तर ते पिल्लू नको.

श्वासाचा आवाज : पाच मिनिटं खेळू द्या. खेळून झाल्यावर थोड्याच वेळात श्वास पूर्ववत व्हायला हवा. घरघर, शिट्टीसारखा आवाज, ओकारीसारखा खोकला ही लक्षणं वाईट. “या जातीत असं असतंच, घोरतं म्हणून तर गोड दिसतं” असं विकणारा सांगेल. जागेपणी घोरणं म्हणजे हवा अडते आहे.

डोळे : स्वच्छ आणि पूर्ण उघडे हवेत. सतत पाणी, लाली, पांढरा डाग नको. डोळे फार बाहेर आलेले पिल्लू टाळा.

तोंड : एकाच वेतात थोडं लांब नाकाचं पिल्लू असेल तर तेच घ्या. फोटोत ते कमी ‘ओरिजिनल’ दिसेल, पण श्वास घेईल. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून अतिचपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पैदास रोखण्यासाठी नाकाची लांबी कवटीच्या निदान एक तृतीयांश असावी, असा निकष लावला गेला. त्यामागे हेच कारण आहे.

वेळ : मार्च ते जून या काळात पिल्लू आणू नका. दिवाळीनंतर आणलं तर त्याला घराची सवय होते, लसी पूर्ण होतात आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचा स्वभाव आणि श्वास तुम्हाला ओळखता येतो.

कागद आणि कायदा

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. महिनाभराचं पिल्लू “लहान आहे, लवकर लळा लागेल” म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. आईपासून लवकर तोडलेली पिल्लं आजारी पडतात आणि पार्व्होसारख्या रोगाने दगावतात.

घेताना तीन गोष्टी मागा : पावती, लसीकरणाचं कार्ड (त्यावर लसीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का) आणि विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक. केनेल क्लबचा कागद जातीची खात्री देतो, तब्येतीची नाही. त्या कागदासाठी जास्त पैसे मोजताना हे ध्यानात असू द्या.

उन्हाळ्यात दिवस कसा काढायचा?

फिरवणं सूर्य उगवायच्या आधी आणि रात्री जमीन गार झाल्यावर. संध्याकाळी सहा वाजता ऊन गेलेलं असतं, पण डांबरी रस्ता आणि सिमेंटचा ओटा तापलेलाच असतो. हाताचा पालथा पंजा जमिनीवर सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला तिथे चालवू नका. ही कुत्री जमिनीलगत असतात, त्यामुळे तापलेल्या जमिनीची झळ थेट पोटाला लागते.

गळ्यात पट्टा नको. छातीवरून जाणारा पट्टा घ्या. गळ्यावर ताण आला की आधीच अरुंद असलेला श्वासाचा रस्ता दाबला जातो.

दुपारी घरातली सगळ्यात थंड जागा त्याला द्या. शेणाने सारवलेली किंवा शहाबादी फरशीची जमीन चांगली. खिडकीला ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लावा, पण खोली बंद ठेवू नका. कूलर चालतो, मात्र हवा खेळती हवी. बंद खोलीत कूलर लावला तर दमटपणा वाढतो आणि लहाकण्याचा उपयोग कमी होतो.

पाणी दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवा आणि दुपारी बदला. तोंड चपटं असल्याने खोल भांड्यात नाक बुडतं आणि ठसका लागतो.

गाडीत एकटं ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंशांच्या आसपास वाढतं. काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. प्रवास करायचाच असेल तर पहाटे करा.

लग्नसराईत पाहुणे, डीजे, फटाके यांनी कुत्रं बिथरतं आणि लहाकू लागतं. त्या दिवशी त्याला शांत खोलीत ठेवा आणि घरातल्या एका माणसाकडे त्याची जबाबदारी द्या. “कुणीतरी बघेल” असं झालं की कुणीच बघत नाही.

उष्माघात झाला तर पहिली दहा मिनिटं

लक्षणं ओळखा : थांबता न येणारं जोरात लहाकणं, घशातून घोगरा आवाज, घट्ट चिकट लाळ, लालभडक किंवा पुढे निळसर पडलेली जीभ आणि हिरड्या, झोकांड्या, उलटी, जुलाब, शेवटी बेशुद्धी किंवा झटके. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं की धोका, १०६ च्या आसपास जिवावर बेततं. साधं डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात लावून तापमान मोजता येतं. ते कुत्र्यासाठी वेगळं ठेवा.

आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. क्रम उलटा करू नका.

१. लगेच सावलीत, वाऱ्याला आणा. पट्टा काढा.

२. अंगावर भरपूर पाणी ओता, विशेषतः पोट, मांड्या, बगला आणि मान. नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं किंवा उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी मे महिन्यात चटका देणारं असतं. ते आधी वाहू द्या किंवा विहिरीचं, बोअरचं पाणी घ्या.

३. ओल्या अंगावर पंखा लावा. लाईट नसेल तर पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो.

४. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी समोर ठेवा. बाटलीने किंवा सिरिंजने तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल.

५. तापमान १०३ वर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जाऊ शकतं.

६. डॉक्टरांना फोन करून निघा. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा किंवा एसी लावा.

कुत्रं उठून बसलं, शेपूट हलवलं, तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया यावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो.

काय करू नये : माणसाची तापाची गोळी देऊ नका. उष्माघात हा ताप नाही, त्यामुळे गोळीचा फायदा होत नाही, उलट अपाय होतो. आणि उन्हाळी लागू नये म्हणून आपण कांदा खातो तसा कुत्र्याला कांदा तर बिलकुल देऊ नका. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

खाणं आणि वजन

पगचं वजन साधारण ६ ते ८ किलो असावं. ही जात खादाड आहे आणि घरातला प्रत्येक जण एकेक घास टाकतो. वजन वाढलं की घशात आणि छातीवर चरबी साठते, श्वास आणखी अडतो. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, सकाळी लवकर आणि रात्री जेवण द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी चालते, पण नुसती दूध-भाकरी पुरेशी नाही. उकडलेलं अंडं, बिनतिखट चिकन यांची जोड हवी. फरसाण, बिस्किटं, गोडधोड बंद. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात.

डोळे, सुरकुत्या आणि गोचीड

तोंडावरच्या सुरकुत्यांत घाम नाही, पण अश्रू, लाळ आणि धूळ साचते. रोज ओल्या कापसाने आतून पुसा आणि लगेच कोरडं करा. वास येऊ लागला, कातडी लाल झाली तर डॉक्टरांना दाखवा. अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. कान आणि सुरकुत्या ओल्या ठेवू नका.

डोळे बाहेर असल्याने त्यांना काडी, कुंपण, मांजराचं नख लगेच लागतं. डोळा अर्धवट मिटलेला, लाल किंवा निळसर-पांढरा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातले उरलेले डोळ्यांचे थेंब टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम वाढून डोळा जाऊ शकतो. मारामारीत किंवा मानगूट धरून उचलल्याने डोळा खोबणीबाहेर येण्याचाही प्रकार या कुत्र्यांत होतो. तसं झालं तर डोळा आत ढकलू नका. स्वच्छ ओलं फडकं ठेवून ताबडतोब निघा.

गोचिडांमुळे ताप येतो, कुत्रं अशक्त होतं, रक्त कमी होतं. गुरांवर फवारायचं औषध किंवा गुरांसाठीचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला वापरणं खेड्यात सर्रास चालतं. ६-७ किलोच्या जिवाला ते जास्त होऊन विषबाधा होते. कुत्र्यासाठीचं औषध वजनानुसार डॉक्टरांकडूनच घ्या.

लसीकरण ६-८ आठवड्यांपासून सुरू होतं आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे द्यायचे. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि नंतर दरवर्षी. घरातलं कुत्रं असलं तरी ही लस चुकवायची नाही. कुणाला चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन लगेच आरोग्य केंद्रात जा.

डॉक्टर आणि खर्च

लसी, जंतनाशक आणि साधे आजार यांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. चिरेसारख्या नाकपुड्या रुंद करणं किंवा लांब टाळू कापून लहान करणं अशी शस्त्रक्रिया मात्र तिथे होत नाही. त्यासाठी मोठ्या शहरातले खासगी डॉक्टर किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालयं गाठावी लागतात. राज्यात मुंबईत परळ, साताऱ्यात शिरवळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोला इथे अशा संस्था आहेत. खान्देशातल्या पूर्वेकडच्या तालुक्यांना अकोला त्यातल्या त्यात जवळ. जाण्याआधी फोन करून खात्री करा.

भूल देणं या कुत्र्यांत जोखमीचं असतं. नसबंदीसारखं साधं ऑपरेशनही थंडीच्या दिवसांत आणि भुलेनंतर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांकडेच करा.

म्हणून हिशोब करताना पिल्लाची किंमत एवढाच आकडा धरू नका. हे कुत्रं बारा-तेरा वर्षंही जगतं. तितक्या उन्हाळ्यांचा खर्च आणि तितक्या उन्हाळ्यांची काळजी आपल्या अंगावर घेत आहोत, असं समजा.

“जोडी घेऊन पिल्लं विकू”

हा विचार अनेक तरुण करतात. पण चपट्या तोंडाच्या पिल्लांची डोकी मोठी असतात. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांची बाळंतपणं बहुतेक वेळा सिझेरियननेच होतात, पगमध्येही अडचणी येतात. रात्री दोन वाजता मादी अडली आणि जवळ डॉक्टर नाही, तर आई आणि पिल्लं दोन्ही जातात. शिवाय नोंदणी न करता पैदास करून विकणं नियमाबाहेर आहे. जोडधंदा म्हणून याकडे बघत असाल तर शेळी आणि कोंबडी बरी.

मग कोणतं कुत्रं पाळायचं?

लांब नाक, आखूड केस, चपळ अंग ही आपल्या हवेत टिकणारी रचना आहे. दख्खनच्या पठारावरचं कारवान कुत्रं त्याचं चांगलं उदाहरण. त्याहून सोपं म्हणजे गल्लीतल्या गावठी कुत्रीचं आठ आठवड्यांचं पिल्लू. त्याला जंताचं औषध, लसी, दोन वेळचं खाणं आणि सावली दिली की ते राखणही करतं आणि पोरांसोबत खेळतंही. विकत घ्यायला एक रुपया लागत नाही.

घरात पग आधीच असेल तर घाबरून जाऊ नका, त्याला टाकूनही देऊ नका. रस्त्यावर सोडलेला पग एक उन्हाळाही काढणार नाही. आजच तीन कामं करा : जवळच्या डॉक्टरांचा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा, एक थर्मामीटर आणून ठेवा आणि दुपारसाठी घरातली थंड जागा ठरवा. आणि पोरांना एवढं शिकवून ठेवा : तो जोरात लहाकू लागला की खेळ थांबवायचा, पाणी ठेवायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची.